बारशाआधी ब्रॉडबँड

रंगनाथ बोरस्ते एका सरकारी कचेरीच्या निविदा शाखेत हेडक्लार्क होते, आणि सत्तावीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून तीन कोटेशनांशिवाय एक टाचणीसुद्धा विकत घेतली गेली नव्हती. एका उन्हाळ्यात साहेबांना थंड पाण्यासाठी माठ हवासा झाला. रंगनाथरावांनी तीन कुंभारांना पत्रं धाडली, बंद लिफाफे मागवले, तुलनात्मक तक्ता मांडला, आणि माठ कचेरीत येईतो त्या साहेबांची बदली होऊन नव्या साहेबांना सर्दी झालेली होती. पण माठाच्या फायलीवर ऑडिटने एकही शंका काढली नाही, हे रंगनाथराव अजून सांगतात.

घरी मात्र त्यांना कोणी काही विचारत नसे. नाशिकला गंगापूर रोडच्या सोसायटीतला त्यांचा फ्लॅट कितव्या मजल्यावर घ्यायचा, हे त्यांच्या पत्नीने, साधनाबाईंनी, बिल्डरच्या ऑफिसात उभ्या उभ्या ठरवलं होतं. साधनाबाई समाजाचं वधू-वर सूचक मंडळ घरातूनच चालवत, त्यामुळे झटपट निकाल लावायची त्यांना सवय होती. मुलगा दीपक याच्यासाठी सूनसुद्धा त्यांनी अशीच पसंत केली. ‘नियमाप्रमाणे आणखी दोन स्थळं बघून घेऊ’ असं रंगनाथराव म्हणाले, तेव्हा साखरपुड्याच्या साड्या घेऊन झाल्या होत्या.

या घरात फोन एक आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या बायका तीन. दिवसभर साधनाबाईंकडे वधूपित्यांचे फोन. संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीचं, निकिताचं इंटरनेट, तेही त्याच फोनच्या तारेतून. आणि सकाळी आठच्या ठोक्याला रंगनाथरावांच्या आईंचा, गोजराबाईंचा वेळ. गोजराबाई ब्याऐंशीच्या होत्या, राहायला नाशकात होत्या, पण त्यांचा जीव निफाडजवळच्या गावातल्या द्राक्षबागेत अडकलेला होता. बागेवर भुरीचा रोग आला का, व्यापारी येऊन गेला का, हे वाटेकऱ्याकडून फोनवर ऐकल्याशिवाय त्या चहाला तोंड लावत नसत. निकिताने कॉम्प्युटर चालू केला की तो मोडेम आधी चिरकायचा, मग खाकरायचा, मग कुठे जोडला जायचा. आणि तेवढ्यात घरात कोणी रिसीव्हर उचलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दोन हजार सात सालच्या जानेवारीत दीपकला मुलगी झाली. दीपक होता हॉलंडमध्ये, रॉटरडॅम बंदरात. आपल्याकडची द्राक्षं जिथे जहाजातून उतरतात तिथल्या एका कंपनीत. त्याने बाळाचा फोटो ईमेलने पाठवला. घरातले सगळे कॉम्प्युटरसमोर खुर्च्या मांडून बसले. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी भिंत आली, मग पडदा, मग टोपडं. वीस मिनिटांनी कपाळ आलं, दोन भुवया आल्या. एवढ्यात, भाजी बघून येते म्हणून आत गेलेल्या साधनाबाईंनी चांदवडच्या एका मुलाची उंची विचारायला स्वयंपाकघरातला फोन उचलला.

“हे काय?” गोजराबाई म्हणाल्या. “कपाळ दावलं आन दुकान बंद? नाक कुठाय पोरीचं?”

“आजी, लाइन तुटली,” निकिता म्हणाली.

“लाइन तुटू दे. पोरीला नाक हाय का नाय, ते सांग.”

त्यानंतर तीनदा प्रयत्न झाला आणि तीनही वेळा प्रकरण भुवयांपाशी अडलं. गोजराबाई उठून आपल्या खाटेवर जाऊन बसल्या. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. “रंगा, पणतीचं तोंड बघितलं की मानसाच्या डोक्यावर सोन्याची फुलं उधळतात. माझं वय झालं. मरायला माझी ना नाय. पण वर गेल्यावर ह्यांनी इचारलं, पणती कोनावर गेलीया, तर काय सांगू? कपाळ हाय म्हनून?”

आईने आजवर आपल्याकडे काही मागितलेलं रंगनाथरावांना आठवत नव्हतं.

दीपकच्या सासूबाईंचा व्हिसा यायचा होता, म्हणून बारसं सव्वा महिन्यानंतर, फेब्रुवारीतल्या एका रविवारी करायचं ठरलं. नाव आत्याने ठेवायचं, आणि आत्या होती नाशकात. दीपकने फोनवर मार्ग सुचवला: तिकडे कॅमेरा, इकडे कॅमेरा, मध्ये ब्रॉडबँड. निकिताने इथून नाव ठेवायचं आणि आजीने इथून बाळ बघायचं, अगदी हलतं-बोलतं. साधनाबाईंच्या घरात तेव्हा लग्नसराईच्या बायोडाटांचे ढीग पडलेले. त्या वर न बघता म्हणाल्या, “अहो, हे ब्रॉडबँडचं तेवढं तुम्ही बघा.”

हे वाक्य रंगनाथरावांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. खरं तर साधनाबाईंना म्हणायचं होतं की जाता जाता कुणाला तरी सांगून या. पण रंगनाथरावांनी त्याच संध्याकाळी फुलस्केपचे चार कागद काढले, समास आखला आणि ‘घरगुती ब्रॉडबँड जोडणीकामी दरपत्रके मागविणेबाबत’ अशी चौकशी लिहायला घेतली. एकूण अकरा अटी झाल्या. सातवी अट अशी होती की तार भिंतीवरून सरळ रेषेत न्यावी. नवव्या अटीनुसार सर्व वाद नाशिकच्या न्यायकक्षेत राहणार होते. दरपत्रक लाखबंद लिफाफ्यात, अमुक तारखेच्या सायंकाळी पाचपर्यंत.

पत्रं तिघांना गेली: एक टेलिफोनच्या ऑफिसला, एक ‘गरुडझेप’ नावाच्या नव्या खासगी कंपनीला, आणि तिसरं भारत गडाखला. भारत म्हणजे त्या भागाचा केबलवाला. टीव्हीच्या केबलमधून तो हल्ली इंटरनेटही देऊ लागला होता. मूळचा बोरस्त्यांच्याच गावचा. गावाकडे दोघांची शेतं बांधाला बांध लागून.

“बाबा,” रजिस्टर पोस्टाच्या पावत्या बघून निकिता म्हणाली, “भारतकाका मागच्या गल्लीत राहतात. गॅलरीतून हाक मारली तरी ऐकू जाईल.”

“तोंडी मागणी ऑडिटला दाखवता येत नाही.”

“घरात ऑडिट कोण करणार?”

“तुझी आई,” रंगनाथराव म्हणाले.

बातमी सोसायटीत पसरायला एक दिवस पुरला. मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, टेलिफोनवाल्यांचंच घ्या, सरकार कुठे पळून जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, सरकार पळत नाही हीच तर अडचण आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याकडे दोन वर्षांपासून ब्रॉडबँड होतं आणि त्याला तेव्हापासून चष्मा लागला होता. सोसायटीचे सेक्रेटरी जीवन कोठावदे हे मूळचे देवळ्याचे, कांद्याच्या व्यापारातले. त्यांनी रंगनाथरावांना जिन्यात गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला.

“बोरस्ते साहेब, मी काय सांगतो, आत्ता घेऊच नका. भाव उतरणार आहे. कांदा काय न् इंटरनेट काय, थांबला तो जिंकला.”

“पण बारसं फेब्रुवारीत आहे.”

“बारसं पुढे ढकलता येईल की.”

पहिला धक्का टेलिफोनच्या ऑफिसात बसला. खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म बघितला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि अदबीने विचारलं, “बहिरू बोरस्ते कोण?”

“माझे वडील.”

“फोन त्यांच्या नावावर आहे. अर्जावर त्यांची सही लागेल.”

“ते वारले. अठ्ठ्याण्णव साली.”

बाईंनी बोटांवर वर्षं मोजली. “मग नऊ वर्षं फोन कोण वापरतंय?”

या प्रश्नाचं खरं उत्तर ‘माझी बायको’ हे होतं, पण ते रंगनाथरावांच्या तोंडून निघेना. बाईंनी एक चिठ्ठी लिहून अर्जाला टाचली आणि अर्ज परत दिला. सर्व वारसांची संमतीपत्रं, मृत्यूचा दाखला, आधी नावात बदल, मग ब्रॉडबँड. खाली सुंदर वळणदार अक्षरात ओळ होती: ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’ हीच ओळ रंगनाथरावांनी आयुष्यात काही हजार वेळा लिहिली असेल. वाचायची पाळी प्रथमच आली. ऑफिसच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी ती दोनदा वाचली, आणि आपल्या टेबलावरून माना खाली घालून परत गेलेले कितीतरी ठेकेदार त्यांना आठवले. त्यांना वाईट वाटलं. मग अर्थातच त्यांनी पूर्तता करायला घेतली.

वारसांपैकी बहीण चांगुणा देवळ्याला दिलेली. ती फोनवर म्हणाली, सही करते, पण घेऊन जायला ये आणि मुक्काम कर. रंगनाथराव शनिवारी गेले. चांगुणाने दोन दिवस त्यांना जेवू घातलं, लेकाची नवी मोटरसायकल दाखवली, कांद्याची चाळ दाखवली आणि निघताना संमतीपत्रावर झोकात सही केली ती नेमकी ‘अधिकाऱ्याचा शेरा’ या चौकटीत. नवा फॉर्म, नवी सही, पुन्हा देवळा. जानेवारी संपला.

‘गरुडझेप’चं मात्र तसं नव्हतं. त्यांचा टाय लावलेला माणूस तिसऱ्या दिवशी लिफाफा घेऊन हजर झाला. सोबत चकचकीत माहितीपत्रक होतं. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चांदणी होती आणि त्या चांदण्यांचा खुलासा तळाशी इतक्या बारीक अक्षरात, की रंगनाथरावांनी त्याला दोन संध्याकाळी आणि कचेरीतलं भिंग दिलं. मग त्यांचे लोक पाहणीला आले आणि सांगून गेले की त्यांची तार रस्त्यापलीकडे आहे, आत आणायला सोसायटीच्या आवारात एक चर खणावा लागेल.

कोठावद्यांनी दोन्ही हात आडवे केले. आवारातले सिमेंटचे नक्षीदार ब्लॉक गेल्याच दिवाळीत बसले होते, तीन वर्षांच्या सभांनंतर. “साहेब, तुमच्यासाठी जीव मागा. ब्लॉक मागू नका.”

“सर्वसाधारण सभेची परवानगी घेतली तर?”

“जरूर घ्या. चौदा दिवसांची नोटीस लागते. पण मी विरोधात बोलणार, आधीच सांगून ठेवतो.”

राहता राहिला भारत गडाख. त्याच्याकडून ना लिफाफा, ना निरोप. एकदा तो भाजीबाजारात समोरून येताना दिसला. एरवी रंगनाथरावांनी त्याला थांबवून गावची ख्यालीखुशाली विचारली असती. पण निविदेची मुदत चालू असताना निविदाकाराशी बोलणं हा गंभीर दोष समजला जातो. रंगनाथराव झटकन वळले आणि एका मेथीवालीमागे जाऊन उभे राहिले. भारतने ते पाहिलं. मेथीवालीनेही पाहिलं, आणि त्यांना चार जुड्या घ्याव्या लागल्या.

मुदत संपली. लिफाफे आले होते दोन: एक गरुडझेपचा, दुसरा टेलिफोनच्या ऑफिसचा. तिघांखेरीज निविदा उघडता येत नाही. रंगनाथरावांनी मुदतवाढ दिली. दोन्ही लिफाफे न उघडता कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात ठेवले आणि किल्ली जानव्याला बांधावी तशा निष्ठेने स्वतःच्या खिशात ठेवली.

“अहो, उघडून बघा तरी,” साधनाबाई म्हणाल्या. “दोन आहेत ना? दोनातून एक निवडा.”

“दोनातून एक निवडणं म्हणजे पक्षपात. तिनातून एक म्हणजे निवड.”

“मी तुम्हाला एकातून एक निवडलं,” साधनाबाई म्हणाल्या आणि बायोडाटांकडे वळल्या.

गोजराबाई फक्त रोज सकाळी विचारत, “आलं का रं ते?” आणि रंगनाथराव म्हणत, “प्रक्रिया चालू आहे, आई.” प्रक्रिया या शब्दानंतर गोजराबाई ज्या नजरेने बघत, ती नजर रंगनाथरावांना कचेरीतसुद्धा पुरत असे.

आणि बारशाला नऊ दिवस उरले असताना तिसरा लिफाफा आला. पोस्टमनने सही घेतली. रजिस्टर पोस्ट, जाड कागद, मागे गोंदाने नीट बंद केलेला, पाठवणाऱ्याचं नाव: भारत वाळू गडाख. रंगनाथरावांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत इतका शिस्तीचा निविदाकार त्यांनी पाहिला नव्हता. केबलवाला म्हणून आपण त्याला कमी लेखलं, असं ते साधनाबाईंना म्हणालेसुद्धा. लिफाफा अर्थातच न उघडता बाकीच्या दोघांशेजारी कपाटात गेला. उघडण्याची तारीख रविवारची होती आणि तारीख म्हणजे तारीख.

रविवारी सकाळी अकराला घरातली निविदा समिती बसली. साधनाबाई सोफ्यावर, निकिता खुर्चीत, गोजराबाई खाटेवर. कोठावदे सोसायटीचे प्रतिनिधी म्हणून आले होते, कारण पोहे होते. रंगनाथरावांनी तिन्ही लिफाफे बंद असल्याचं सर्वांना दाखवलं आणि कात्रीने पहिला लिफाफा उघडला.

टेलिफोनच्या ऑफिसने कळवलं होतं की नावबदलाचं प्रकरण विचाराधीन आहे. दुसऱ्यात गरुडझेपचा दर होता आणि त्याच्यापुढे चांदणी: सोसायटीच्या परवानगीस अधीन. कोठावद्यांनी पोह्याचा घास थांबवून मान हलवली. रंगनाथरावांनी तिसरा उघडला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचू लागले.

“आमचे अशील श्री. भारत वाळू गडाख यांचे सूचनेवरून आपणांस नोटीस देण्यात येते की, आमचे अशिलाने आपल्या शेताचा बांध कोरलेला नाही...”

रंगनाथराव थांबले. कागद उलटा करून पाहिला. मागे दर लिहिलेला नव्हता.

“पुढे वाचा,” साधनाबाई म्हणाल्या.

“...उलटपक्षी आपले वडील कै. बहिरू बोरस्ते यांनीच सन १९७८ चे सुमारास रात्री-अपरात्री बांध सरकवून आमचे अशिलाचे वडिलांची दोन फूट जमीन बळकावली असून...”

कोठावद्यांनी बशी खाली ठेवली. असं काही बघायला मिळेल या आशेवर ते आले नव्हते. रंगनाथरावांचा चेहरा लाल झाला. वडिलांचं नाव, तेही सेक्रेटरीसमोर! “हा... हा बेकायदा मजकूर आहे. दरपत्रक मागितलं तर बदनामी पाठवतो? बाबा असं करणं शक्यच नाही.”

“दोन न्हाई,” खाटेवरून आवाज आला. “दीड.”

सगळे वळले. गोजराबाई पदराने चष्मा पुसत होत्या.

“दीड फूट सरकवला व्हता. म्या म्हनलं त्यांना, नका करू. वाळू भाऊजी गरीब मानूस. पर ह्यांच्या हातात फावडं आलं की थांबायचे नाय.” त्यांनी चष्मा चढवला. “चल रंगा. माझी चप्पल दे.”

“कुठे?”

“भारतच्या घरी. इथनं आवाज दिला तर ऐकू जातो म्हनं, पन हे बोलनं आवाज देऊन करायचं नाय.”

भारत गडाखचं घर मागच्या गल्लीतलं, खाली केबलचं ऑफिस आणि वर संसार. गोजराबाईंना दारात बघून तो ताडकन उठला आणि आधी त्यांच्या पाया पडला. मग मागे उभ्या असलेल्या रंगनाथरावांकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

“दादा, तुम्ही मला रजिस्टर पाठवलं,” तो म्हणाला. “आपल्याकडं रजिस्टर कोन पाठवतं? बँक नायतर कोर्ट. शेजारच्या शेतवाल्यानं पाठवलं म्हनल्यावर दुसरं काय आसनार? बांधच. बाजारात बघितलं तर तुम्ही मेथीमागं लपले. मंग माझी खात्रीच झाली.”

“अरे, पण पत्र वाचलंस का?”

“उघडायचं कशाला? निफाडचे वकील म्हनले, उघडू नको. उघडलं की मजकूर कळला असं कोर्ट धरतं. तसंच ठेवलंय, देवाम्होरं.”

देव्हाऱ्यातून लिफाफा आला. लाख शाबूत होती आणि वर हळद-कुंकू लागलेलं होतं. रंगनाथरावांनी स्वतः ती लाख फोडली आणि कागद भारतच्या हातात दिला. भारत वाचू लागला. ‘घरगुती ब्रॉडबँड जोडणीकामी’ इथे तो अडखळला. सातव्या अटीपाशी, तार सरळ रेषेत न्यावी इथे, त्याने एकदा वर बघितलं. अकराव्या अटीपर्यंत पोचेतो त्याचे कान तांबडे झाले होते.

“एवढंच व्हतं?” तो म्हणाला. “दादा, हाक मारली असती तर त्याच सांजच्याला वायर टाकली असती.”

नियमाने वागून एखादा माणूस इतका मूर्ख दिसू शकतो, हे रंगनाथरावांना कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. आपण आईचा एक महिना खाल्ला, एवढंच त्यांना कळलं, आणि ते खरंच ओशाळले.

गोजराबाई मात्र खुर्चीत नीट टेकून बसल्या होत्या. “भारत,” त्या म्हणाल्या, “तुज्या वकिलानं दोन फूट लिवलंय, ते खोटं. दीड फूट खरं. तुजा बाप वारला तवाच म्या द्यायला पायजे व्हतं. मोजनीवाला आन, दीड फूट माघारी घे. आन मला माज्या पणतीचं तोंड दाव.”

दीड फूट रुंद आणि अख्ख्या शेताएवढी लांब अशी ती पट्टी होती, तीही ऐन द्राक्षबागेची. रंगनाथरावांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि महाराष्ट्रातलं सर्वांत महागडं ब्रॉडबँड आपल्या घरी येत असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. दुसरं कोटेशन नाही, तुलनात्मक तक्ता नाही. तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. उलट त्यांना हलकं वाटलं.

“काकू, जमिनीचं राहू द्या,” भारत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “बाप शेवटपर्यंत म्हनायचा, एकदा कोनीतरी कबूल करा. बाकी काय नको. ते झालं.”

“तुला नको आसंल. मला द्यायचंय,” गोजराबाई म्हणाल्या. “आन येत्या रविवारी बारसं हाय. आवतन देते. बायकापोरं घेऊन जेवायलाच ये. यायचं म्हंजी यायचं.”

तार त्याच दुपारी आली. गच्चीवरून गॅलरीत, गॅलरीतून खिडकीच्या फटीतून आत, आणि तिथून टीव्हीच्या मागून वळसा घेत कॉम्प्युटरपर्यंत. ती कुठेही सरळ रेषेत नव्हती. रंगनाथराव टॉर्च धरून उभे होते. त्यांनी काही हरकत घेतली नाही. साधनाबाईंनी स्वयंपाकघरातून फोन उचलला, चांदवडच्या त्या मुलाच्या वडिलांशी पाऊण तास बोलल्या, आणि बाहेर निकिताचं इंटरनेट चालूच राहिलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

पुढच्या रविवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडच्या सकाळी अकराला, कॉम्प्युटरसमोर सतरंजी अंथरलेली होती. गडाखांकडचे सहा जण आले होते. भारतच्या बायकोने झबलं-टोपडं आणलं होतं आणि ते मॉनिटरसमोर ठेवलं होतं, पोचतं करायला. कोठावदे सपत्नीक होते. पडद्यावर आधी नुसते चौकोन हलले, मग दीपकचा एक कान, मग सूनबाई प्रतिभाची साडी. मग प्रतिभाने कॅमेरा खाली वळवला.

पाळण्यात बाळ जागं होतं. कपाळ, भुवया, डोळे, नाक, जिवणी, हनुवटी, सगळं एकदम. निकिताने कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं, रेवा. तिकडून टाळ्या ऐकू आल्या. इकडे साधनाबाईंनी सोन्याच्या फुलांची वाटी पुढे केली आणि रंगनाथरावांनी आईच्या डोक्यावरून ती फुलं सोडली. चार-दोन फुलं, पण ती ओघळताना रंगनाथरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

गोजराबाईंनी पुढे सरकून मॉनिटरच्या काचेवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग बराच वेळ निरखून म्हणाल्या, “नाक आमच्या मालकांचं. बोलून चालून तेच. आन मूठ बघा कशी आवळलीया. भारत, सांभाळ रं बाबा, ही बी बांध कोरनार!”

भारत गडाख एवढ्या मोठ्याने हसला की ते हसणं तारेतून थेट रॉटरडॅमला पोचलं, बाळ दचकलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं. दीपक घाबरून कॅमेरा बंद करायला धावला.

“बंद करू नगं,” गोजराबाई म्हणाल्या. “रडू दे तिला. आवाज ऐकू दे.”

मग वीज जाईपर्यंत बोरस्ते आणि गडाख मांडीला मांडी लावून सतरंजीवर बसले आणि ते रडणं ऐकत राहिले.